डॅनियल्स हार्बरच्या नर्सबाई

न्यूफाउंडलंड हे बेट कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात आहे. बेटाच्या वायव्य बाजूनं जमिनीचा एक लांब सुळका उत्तरेकडे, लॅब्राडोरच्या दिशेनं गेलेला दिसतो. त्याला ग्रेट नॉर्दर्न पेनिन्सुला म्हणतात. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, मागे लाँग रेंज डोंगरांची रांग आणि पुढे सेंट लॉरेन्सचं आखात अशा चिंचोळ्या पट्टीत डॅनियल्स हार्बर नावाचं मासेमारांचं गाव आहे. मे १९२१ मध्ये लंडनहून आलेल्या मायरा ग्रिम्सली या गावात उतरल्या. शिक्षणानं परिचारिका आणि सुईण, वय ३१. करार दोन वर्षांचा, पगार महिन्याला ७५ डॉलर. एप्रिल १९९० मध्ये, वयाची शंभरी ओलांडून काही आठवडे झाले असताना, त्यांचं निधन झालं. तोवर सगळा किनारा त्यांना नर्स बेनेट म्हणून ओळखत होता.

पुढच्या पानांत या बाईंचं आयुष्य आहे. त्यांच्याविषयी जिथे जिथे लिहिलं जातं तिथे आकडे आधी येतात. सातशेहून अधिक बाळंतपणं, पाच हजारांच्या आसपास दात काढले, जवळजवळ दोनशे मैलांचा किनारा सांभाळला. मुंबईहून रत्नागिरीला जाणारा रस्ता साधारण तेवढाच लांब आहे, आणि त्या किनाऱ्यावर रस्ता नव्हताच. आकडे खरे आहेत आणि थक्क करणारे आहेत. पण हे चरित्र वाचताना माझ्या मनात सतत घोळत राहिली ती दुसरीच गोष्ट. दूरच्या, अवघड मुलखात काही काळ सेवा करून परतलेले लोक इतिहासात पुष्कळ सापडतात. मायरा परतल्या नाहीत. त्यांनी तिथे घर केलं, संसार केला, म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या कामाचा सगळा अर्थ या राहण्यात आहे असं मला वाटतं. म्हणून धाडसाच्या गोष्टींकडे वळण्याआधी, त्या किनाऱ्याला कोणी येऊन राहण्याची इतकी गरज का पडावी, हे सांगायला हवं.

त्याची मुळं माशांमध्ये आहेत. न्यूफाउंडलंडच्या भोवतीचा समुद्र कॉड माशांसाठी युरोपात शतकानुशतकं प्रसिद्ध होता. १७१३ च्या युट्रेक्ट तहानं बेट इंग्रजांकडे आलं, पण ठरावीक किनाऱ्यावर उन्हाळ्यात मासे धरण्याचा आणि वाळवण्याचा हक्क फ्रेंचांनी राखून ठेवला. या 'फ्रेंच शोअर'ची हद्द १७८३ मध्ये बदलली आणि बेटाचा सगळा पश्चिम किनारा तिच्यात आला. फ्रेंचांच्या हक्कांना बाधा नको म्हणून तिथे कायमची वस्ती होऊ नये, हेच सरकारी धोरण राहिलं. माणसं तरीही राहिलीच. पण ज्या वस्तीला सरकार मान्यताच द्यायला तयार नाही, तिथे रस्ता, शाळा, दवाखाना कोण आणणार? इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या १९०४ च्या करारानं फ्रेंचांचा हक्क संपला. म्हणजे मायरा उतरल्या तेव्हा तो किनारा आपल्याच देशाच्या सरकारच्या नजरेत येऊन जेमतेम १७ वर्षं झाली होती. रोगराईचा दोष हवेला आणि थंडीला देणं सोपं असतं. इथे दोन राजधान्यांत बसून झालेल्या तहांचा वाटा थंडीइतकाच मोठा होता, हे वाचकानं मनात ठेवावं.

किनाऱ्यावरच्या या विखुरलेल्या गावांना तिथे आउटपोर्ट म्हणतात. उन्हाळ्यात मासेमारी, हिवाळ्यात लाकूडतोड आणि सापळे लावून शिकार. रोख पैसा हातात फारसा येत नसे. व्यापाऱ्याकडून पीठ, चहा, काकवी, जाळी उधार घ्यायची आणि हंगाम संपला की वाळवलेला मासा त्याच्याच वखारीत घालायचा. मासा किती आणि भाव काय हे व्यापाऱ्यानं ठरवायचं. आपल्याकडच्या सावकारी पाशाची माहिती असलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही. ताजी भाजी, दूध, फळं यांची वानवा, म्हणून कुपोषणाचे आजार. दमट, छोट्या घरांत दाटीवाटीनं राहणं, म्हणून क्षय.

ये-जा सगळी समुद्रावरून. तीही बर्फ धरेपर्यंतच. हिवाळा लागला की आखात गोठायचं आणि वसंतात बर्फ फुटेपर्यंत आगबोट बंद. उघड्या पाण्याच्या दिवसांतही हा किनारा दयामाया दाखवत नसे. मायरा येण्याच्या दीड वर्ष आधी, डिसेंबर १९१९ मध्ये, याच किनाऱ्यावर ये-जा करणारी 'ईथी' ही आगबोट वादळात सापडली. कप्तानानं ती मुद्दाम किनाऱ्यावर चढवली. किनाऱ्यापर्यंत दोर पोचला आणि त्या दोरावरून एकेका माणसाला बाहेर काढलं. एका तान्ह्या बाळाला टपालाच्या पिशवीत घालून त्याच दोरावरून पलीकडे पाठवलं. जहाजावरची सगळी ९२ माणसं वाचली. समुद्र म्हणजे काय हे त्या किनाऱ्यावर जन्मलेल्यांना माहीत होतं. लंडनहून येणाऱ्या बाईंना ते शिकायचं होतं.

त्या आल्या कशा, हीही पाहण्यासारखी गोष्ट आहे. १९२० मध्ये न्यूफाउंडलंडच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी हॅरिस यांच्या पुढाकारानं आउटपोर्टांसाठी परिचारिका आणणारी एक समिती स्थापन झाली. इंग्लंडमध्ये महायुद्धात कसलेल्या परिचारिका होत्या, इकडे गावंच्या गावं वैद्यकीय मदतीवाचून होती. अडचण पगाराची होती. १९२४ मध्ये, पुढच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी अलारडाइस यांच्या काळात, या समितीतून 'न्यूफाउंडलंड आउटपोर्ट नर्सिंग अँड इंडस्ट्रियल असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नोनिया' म्हणतात. तिची योजना अशी होती: गावातल्या बायकांना लोकर पुरवायची, त्यांनी स्वेटर, मोजे, कापड विणायचं, माल शहरात विकायचा, आणि त्या विक्रीतून परिचारिकेच्या पगाराचा वाटा उचलायचा. चुलीजवळ बसून विणलेल्या स्वेटरांवर त्या बायकांनी स्वतःच्याच बाळंतपणासाठी नर्स ठेवली. सहकारी चळवळीच्या इतिहासात या बायकांना जागा मिळायला हवी. नर्सिंगचं काम सरकारनं १९३४ मध्ये आपल्याकडे घेतलं, पण नोनियाचं विणकाम आजही चालू आहे. सेंट जॉन्स शहरात तिचं दुकान आहे.

आता मायरांच्या घडणीविषयी. जन्म १ एप्रिल १८९०, लंडन. परिचारिका होण्याआधी त्यांनी काही वर्षं शिवणकाम केलं होतं. या तपशिलावरून पुष्कळजण भर्रकन पुढे जातात, मी मात्र तिथे थांबते. रोज सुई हातात धरणाऱ्या माणसाच्या बोटांत एक धीर येतो. कापड किती ताण घेईल, टाका कुठे बसेल, घाई केली की काय फाटेल, हे बोटांना कळायला लागतं. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग या बोटांशिवाय घडला नसता, हे पुढे येईलच. नर्सिंगबरोबर त्यांनी घरोघरी जाऊन रुग्णसेवा करण्याचं शिक्षण घेतलं आणि सुईणपणाचं शिक्षण क्लॅपहॅमला घेतलं. क्लॅपहॅमचं प्रसूतिगृह आणि तिथली शाळा डॉ. अ‍ॅनी मॅकॉल या डॉक्टरबाईंनी उभी केली होती आणि तिथे सगळ्या डॉक्टर स्त्रियाच होत्या. गरोदरपणातल्या तपासणीवर आणि काटेकोर स्वच्छतेवर त्यांचा कटाक्ष असे. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्यानं सुईणीचा व्यवसाय शिक्षण आणि नोंदणीच्या चौकटीत येऊ लागला होता, त्या काळातली ही शिस्त. महायुद्धाच्या वर्षांत मायरा लंडनमध्येच काम करत होत्या.

युद्ध संपल्यावर त्यांच्या मनात होता कॅनडाचा सस्कॅचवान प्रांत. तिथल्या गवताळ मैदानांत नव्यानं वसाहत करणाऱ्या बायका मदतीवाचून बाळंत होतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. चौकशी केली तर उत्तर मिळालं की न्यूफाउंडलंडला गरज त्याहून मोठी आहे. मग न्यूफाउंडलंड. निर्णय इतक्या सरळपणे झाला. यात साहसाची हौस मला दिसत नाही, आणि त्यागाचा डामडौल तर नाहीच. जिथे काम जास्त तिथे जायचं, हा हिशेब आहे. त्यांचा हा रोकडेपणा शेवटपर्यंत टिकला. त्या करारी होत्या, स्पष्ट बोलत, आळस आणि घाण या दोन गोष्टी त्यांना खपत नसत.

जानेवारी १९२२ मध्ये, म्हणजे गावात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्यांनी अँगस बेनेट यांच्याशी लग्न केलं. अँगस डॅनियल्स हार्बरचेच, पूर्वी जहाजांवर काम करून जग पाहून आलेले. त्या काळात इंग्लंडमध्ये लग्न झालं की परिचारिकेची नोकरी बहुधा संपत असे. इथे उलटं झालं. लग्नामुळे गावाला नर्स कायमची मिळाली. अँगसनी घर बांधलं, आणि ते घरच दवाखाना झालं. आजारी माणूस लांबून आला की तो याच घरात राही. त्यांना तीन मुलं झाली. आई म्हणून, बायको म्हणून, शेजारीण म्हणून आणि नर्स म्हणून मायरांचे दिवस एकाच छपराखाली एकमेकांत मिसळलेले होते.

अँगसविषयी मला दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. बायको मध्यरात्री निघाली तर मुलांकडे कोणी पाहायचं, चूल कोणी पेटती ठेवायची? बोट पाण्यात कोणी लोटायची, बर्फगाडी कोणी जुंपायची? कीर्ती एका नावावर जमा होते, त्यामागे दुसऱ्या माणसाचं आयुष्यही खर्ची पडलेलं असतं. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा बायका पुष्कळ आहेत. थोर बाईच्या चरित्रात असा नवरा आपल्याला क्वचित भेटतो.

आता त्या गाजलेल्या प्रसंगाकडे येऊ. फेब्रुवारी १९२६. अँगस यांचा भाऊ अ‍ॅलेक्स लाकडाच्या गिरणीत काम करत असताना फिरत्या करवतीवर पडला आणि त्याचा पाय घोट्यापाशी जवळजवळ तुटला. थोड्या मांसावर लोंबकळत राहिला होता. डॉक्टर बॉन बे इथे, सुमारे साठ मैलांवर, आणि आगबोट बंद.

वाचकानं इथे क्षणभर १९२६ हे साल लक्षात घ्यावं. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दोन वर्षं होती आणि ते औषध म्हणून हाती यायला दीडएक दशक. सल्फा औषधंही १९३० च्या दशकातली. करवतीच्या जखमेत लाकडाचा भुसा, कपड्याचे धागे, घाण असतेच. अशा जखमेत जंतू शिरले की पाय तर जाईच, बहुतेक वेळा माणूसही जाई. तुटत आलेला पाय कापून टाकणं आणि जीव वाचवण्यावर भर देणं हा त्या काळचा शहाणपणाचा मार्ग होता. शस्त्रक्रिया करण्याचं प्रशिक्षण परिचारिकेला नसतं आणि तसा अधिकारही नसतो. मायरांनी रक्त थांबवलं, जखम साफ केली, आणि पाय जागेवर बसवून शिवला. मग अ‍ॅलेक्सला बर्फगाडीवर बांधून, सोबत्यांना घेऊन त्या बॉन बेच्या वाटेला लागल्या. वाट म्हणजे बर्फ, गोठलेल्या खाड्या आणि वारा. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा जखम चिघळलेली नव्हती. पाय वाचला. अ‍ॅलेक्स पुन्हा त्या पायावर चालला.

या गोष्टीत सर्वांत अवघड काय होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. टाके घालणं अवघड होतंच. पण तो माणूस दीर होता. पाय शिवायचं ठरवून जंतुसंसर्ग झाला असता, तर अ‍ॅलेक्स गेला असता आणि त्या निर्णयाचं ओझं घेऊन मायरांना त्याच घरात, त्याच गावात, त्याच सासरच्या माणसांत उरलेलं आयुष्य काढायचं होतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरला चुकलं तर निघून जाता येतं. इथे राहणाऱ्या माणसाचा प्रत्येक निर्णय त्याच्या शेजारीच राहायला येतो.

पण असा प्रसंग आयुष्यात एकदा. बाकीची वर्षं कशी गेली हे या चरित्रातून नीट कळतं, आणि माझ्या मते पुस्तकाचा तोच भाग सर्वांत मोलाचा आहे. निरोप यायचा. उन्हाळ्यात बोटीनं, हिवाळ्यात बर्फगाडीनं किंवा चालत निघायचं. बाळंतिणीच्या घरी पोचल्यावर पहिलं काम पाणी उकळत ठेवणं, हात घासून धुणं, पलंगावर स्वच्छ कापड घालणं. पहिलटकरणीच्या कळा सुरू झाल्यापासून बाळ येईपर्यंत बारा-पंधरा तास सहज जातात. त्या सगळ्या वेळात बहुतेक काळ काहीच करायचं नसतं, फक्त तिथे असायचं असतं. नाडी पाहायची, पाठ चोळायची, घाबरलेल्या सासूला काहीतरी काम लावायचं, आणि काही बिघडत असेल तर ते इतरांच्या आधी ओळखायचं. डॉक्टर साठ मैलांवर असताना हे आधी ओळखणं म्हणजेच जगणं-मरणं. दातांचंही तसंच. किडलेला दात हा आज किरकोळ त्रास वाटतो. पण दंतवैद्यच नसलेल्या मुलखात दाढेतला पू जबड्यात उतरतो, ताप चढतो, धडधाकट मच्छीमार ऐन हंगामात अंथरुणाला खिळतो आणि वर्षाची उधारी फिटत नाही. त्या पाच हजार दातांमागे अशी घरं आहेत.

दोन वर्षांचा करार कधीच संपला होता. काम चालू राहिलं, अनेकदा मोबदल्यावाचून. कागदोपत्री त्या १९५३ मध्ये निवृत्त झाल्या आणि लोक त्यानंतरही येतच राहिले. आता ही जागा मला गंभीरपणे बोलण्याची वाटते. अशा सेवेचं कौतुक करताना आपण नकळत एक धोकादायक समाधान मिळवतो: बघा, एका बाईनं केवढा किनारा सांभाळला! एका बाईला तो सांभाळावा लागला, ही त्या व्यवस्थेची लाज होती. न्यूफाउंडलंड तेव्हा स्वतःचं सरकार असलेला देश होता. कर्जात बुडून १९३४ मध्ये त्यानं स्वराज्यही गमावलं आणि लंडननं नेमलेलं आयोग-सरकार आलं. लोकांनी न निवडलेल्या याच सरकारनं आउटपोर्टांत छोटी 'कॉटेज हॉस्पिटलं' उभारायला घेतली. बॉन बेला नॉरिस पॉइंट इथे असं रुग्णालय झालं तेव्हा तिथल्या लोकांनी लाकूड आणि श्रम स्वतः दिले. १९४९ मध्ये, थोड्याशा मताधिक्यानं निकाल लागलेल्या सार्वमतानंतर, न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. मायरा जागच्या हलल्या नाहीत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तीन वेगवेगळ्या राजवटी झाल्या. किनाऱ्याला हमरस्ता मिळाला तो त्यानंतर. रस्ता झाल्यावर साठ मैलांचा अर्थच बदलला. एका माणसाची निष्ठा जे काम तीस वर्षं रेटत होती, त्यातलं बरंचसं एका रस्त्यानं केलं. मायरांची थोरवी यानं कमी होत नाही. रस्त्याची गरज किती होती ते मात्र कळतं.

मानसन्मान त्यांना मिळाले. ब्रिटिश राजसत्तेचा एम.बी.ई. किताब, १९७४ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा, मेमोरियल विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. १९७४ मध्येच एच. गॉर्डन ग्रीन यांनी लिहिलेलं त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. रॉबर्ट चेफ यांचं 'टेम्प्टिंग प्रॉव्हिडन्स' हे नाटक २००२ पासून रंगभूमीवर आलं आणि कॅनडाबाहेरही त्याचे प्रयोग झाले. मोजके नट आणि जवळजवळ रिकामं नेपथ्य घेऊन हे नाटक मायरा आणि अँगस यांची गोष्ट सांगतं. अँगसनी बांधलेलं घर आज त्यांच्या नावानं जतन केलेलं आहे.

मराठीत हे चरित्र येतंय याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे आनंदीबाई जोशी, रखमाबाई या डॉक्टरबाईंवर पुस्तकं आहेत, नाटक-सिनेमे आहेत आणि ते योग्यच आहे. परिचारिकेचं चरित्र मात्र आपल्या कपाटात शोधावं लागतं. मेळघाटात, गडचिरोलीत, कोकणातल्या वाड्यांवर पायपीट करणाऱ्या नर्सताईंना गाव रोज पाहतं. त्यांच्या वह्यांत लसीकरणाच्या आणि बाळंतपणांच्या नोंदी असतात. त्यांच्यावर लिहायला कोणी बसत नाही. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी पुढे आणलं, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी परक्यांची शुश्रूषा करायची का, यावर समाजात मोठी नाराजी होती. त्या मुलींचं पुढे काय झालं, कोण कुठल्या गावी गेलं, कुणी कुठे आयुष्य काढलं, हा मराठी चरित्रकारासाठी मोठा विषय आहे.

आणखी एक गोष्ट वाचकानं पुस्तकभर पाहत राहावी. मायरा येण्याआधीही त्या किनाऱ्यावर मुलं जन्मत होतीच. ती गावातल्या वयस्क सुईणींच्या हातांत जन्मत होती. न्यूफाउंडलंडमध्ये त्यांना ग्रॅनी म्हणत. त्यांनी कुठे शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण अनुभव दांडगा होता आणि रात्री-अपरात्री त्याही निघत होत्या. दोनशे मैलांच्या किनाऱ्यावर एका नर्सला एका वेळी एकाच घरात असता येतं. ती दुसरीकडे अडकलेली असताना बाळंतिणीच्या उशाशी याच बायका होत्या. त्यांच्या नावानं किताब निघाले नाहीत की नाटकं झाली नाहीत. नर्स बेनेट यांचं आयुष्य वाचताना प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीत आणखी कोण होतं, पाणी कोणी आणलं, दिवा कोणी धरला, हे वाचक विचारू लागला, तर चरित्रात न आलेली ही माणसंही त्याला दिसतील. मला ती दिसली, आणि म्हणून हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं.